फोटोशॉपनंतर: आमच्या प्रेसमधल्या प्रकल्प नोंदी

२ एप्रिल २०२५

पाडव्याला मालकांनी विषय काढला होता, आज पक्कं झालं. फोटोशॉपची वर्गणी जूनअखेर संपते, पुढची भरायची नाही. चित्रांचं सगळं काम मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर न्यायचं. जबाबदारी माझ्याकडे. नोंदी ठेवायची सूचनाही मालकांचीच.

कारण साधं आहे. मे २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने जाहीर केलं की सीएस६ ही पेटीबंद विकली जाणारी शेवटची आवृत्ती, यापुढे फक्त वर्गणी. आमचा धंदा हंगामी: लग्नसराई, जूनमध्ये शाळा, मग गणपती आणि दिवाळी. मधल्या काळात मशीनवर धूळ बसते, पण भाडं बारा महिने चालू.

दिवसभर ऑपरेटरांच्या मागे उभा राहून बघितलं की फोटोशॉपमध्ये ते नेमकं करतात काय. फोटो कापणं, मागचं बॅकग्राउंड काढणं, लेव्हल्स आणि कर्व्हज, चेहऱ्यावरचे डाग, अक्षरांना किनार आणि सावली, शेवटी सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करून टिफ फाइल. बाकीचे शेकडो मेनू कुणी उघडलेलेही नाहीत. यातलं बहुतेक गिंप या मुक्त स्रोत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये होतं हे मला माहीत होतं. धास्ती शेवटच्या दोन गोष्टींची: मराठी अक्षर आणि सीएमवायके.

७ एप्रिल

तिन्ही मशीनवर गिंप ३.० टाकलं. आवृत्ती ताजी आहे, १६ मार्चला आली. त्याआधीची मोठी आवृत्ती, २.१०, एप्रिल २०१८ ची. मुहूर्त आम्हाला बरा सापडला म्हणायचा, कारण २.१० वर हा प्रकल्प मी हाती घेतला नसता. ३.० मध्ये फिल्टर (सावलीसारखे परिणाम) लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, वेगळे राहतात आणि नंतर बदलता येतात. आधी ड्रॉप शॅडो एकदा टाकली की ती चिकटली. ग्राहक प्रूफ बघून "नाव जरा मोठं करा की" म्हणाला की सगळं पुन्हा.

जेवणाच्या सुट्टीत काकांनी विचारलं, "हे फुकट कसं काय देतात रे?" काका आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, फोटोशॉप ७ पासूनचे. सांगितलं: १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, त्यानंतर जगभरचे लोक भर घालत आले. खिडक्या-बटणांसाठी त्यांनी जी जीटीके नावाची सामग्री बनवली, तिच्यावर पुढे लिनक्सचा ग्नोम डेस्कटॉप उभा राहिला. काका म्हणाले, "म्हणजे मालक नाहीच. बिघडलं तर फोन कुणाला लावायचा?" मी म्हटलं, मला. ते हसले, पण प्रश्न वाजवी आहे आणि माझ्या उत्तराने तो सुटत नाही.

८ एप्रिल

पहिल्याच दिवशी बोंब. कंट्रोल-डी.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी म्हणजे सिलेक्शन सोडणं. ऑपरेटरचा हात दिवसभर ती कळ दाबत असतो, त्याला स्वतःलाही कळत नाही. गिंपमध्ये त्याच कळीने अख्ख्या चित्राची नवी प्रत उघडते. दुपारपर्यंत आमच्या ऑपरेटर ताईंच्या पडद्यावर एकाच नवरदेवाच्या टॅबची रांग लागली होती, आणि त्या मधल्याच कुठल्यातरी प्रतीवर काम करत होत्या. कंट्रोल-जे चीही तीच गत: तिथे लेयरची प्रत निघते, इथे खिडकी चित्राला घट्ट बसते.

संध्याकाळी एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन जुन्या सवयीच्या कळा बसवल्या आणि ती सेटिंगची फाइल तिन्ही मशीनवर कॉपी केली. "नवीन शिकायचं तर नवीन कळाच शिका" असा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्यावर लग्नसराईत पत्रिका द्यायची वेळ आलेली नसते.

कंट्रोल-एस ने फक्त एक्ससीएफ (गिंपची स्वतःची, लेयर राखणारी फाइल) सेव्ह होते, जेपेग हवी तर एक्स्पोर्ट. यावर दिवसभर कुरकुर झाली. ही सवय मात्र मी बदललेली नाही. मूळ फाइलवर जेपेग चढवून लेयर घालवण्याचे प्रकार आपोआप थांबतील.

१५ एप्रिल

मराठी अक्षर. ज्याची धास्ती होती तिथेच हे सॉफ्टवेअर सरस निघालं.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकलं की वेलांट्या भलतीकडे जायच्या, जोडाक्षरं सुटायची. नंतरच्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आली, पण तोवर आमच्यासारख्या प्रेस खासगी एन्कोडिंगच्या (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या) फॉन्टवर पक्क्या झाल्या होत्या. गिंपमध्ये अक्षरजुळणी पॅंगो आणि हार्फबझ करतात, म्हणजे ब्राउझरमध्ये किंवा फोनवर दिसतं तसंच मराठी इथेही दिसतं. "वऱ्हाडी" मधला ऱ्ह चंद्रकोरीसारखा नीट वळला. श्री नीट. "कार्यालय" मधला रफार जागेवर.

मग पत्रिकेतली ओळ टाकली: "शालिवाहन शके १९४७". अक्षरं बरोबर, पण श आणि ल हिंदी वळणाचे. काका लांबूनच म्हणाले, "हा ल आपला नव्हे." राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श धरला आहे. फॉन्ट होता नोटो सॅन्स देवनागरी, आणि त्यात दोन्ही वळणं आहेत. कुठलं वापरायचं हे फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत तळाशी भाषेचं एक खानं आहे, सहसा कुणी बघत नाही. तिथे इंग्रजी होतं. मराठी केलं, आणि त्याच ओळीतल्या ल ला पाकळी फुटली, श ला देठ आला. मजकूर पुन्हा टाइप करावा लागला नाही.

पत्रिकांसाठी 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घेतला. त्यात मुळातच मराठी वळण आहे, खटपट नाही. मथळ्यांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'बलू'. सगळे खुल्या परवान्याचे, कुठल्याही मशीनवर टाका. जुन्या फॉन्टसोबत येणारा परवान्याचा यूएसबी ठोकळा एका मशीनमधून काढून दुसऱ्यात लावायचा, हा रोजचा खेळ बंद.

टायपिंग युनिकोडमध्येही जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाने करता येतं. काकांची बोटं तशीच राहिली.

२४ एप्रिल

जुन्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली. हे प्रकरण दिसतं त्यापेक्षा जड आहे.

गिंपमध्ये पीएसडी उघडते, लेयर येतात, मास्क येतात, लेयरचे गटही येतात. पण आमच्या फायलींतला मजकूर चित्र होऊन आला आणि स्मार्ट ऑब्जेक्ट (लेयरमध्ये जपून ठेवलेली मूळ चित्रं) चपटे झाले. म्हणजे फोटो बदलता येतो, तारीख बदलता येत नाही. मजकूर उचलता आला असता तरी तो जुन्या एन्कोडिंगचा. युनिकोड फॉन्ट लावला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो.

सगळं रूपांतर करत बसायचं नाही असं ठरवलं. वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांचे (दोन पतसंस्था, शाळा, देवस्थान, मिठाईवाले) साचे नव्याने बांधायचे. वर्गणी चालू आहे तोवर बाकीच्या फायलींची एकेक सपाट टिफ आणि एक पीडीएफ काढून ठेवायची. पुढे कुणी जुनी पत्रिका घेऊन आलं तर बघून नवी करून देऊ. तशीही पत्रिका दुसऱ्यांदा छापायला कोण येतं?

मजकुराच्या रूपांतरासाठी कन्व्हर्टर वापरला. अनुस्वार, रफार आणि ऱ्ह तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबायचं नाही. नावं तर दोघांनी वाचायची.

९ मे

आज काळ्या शाईवर दिवस गेला. लांबलचक लिहितोय, कारण ऑफसेटवाल्यांसाठी सगळ्या प्रकल्पाची गोम इथेच आहे.

गिंप आतून आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काम करतं. ३.० मध्ये सॉफ्ट-प्रूफिंगसाठी (छापील रंग आधी पडद्यावर बघण्यासाठी) सीएमवायके प्रोफाइल, म्हणजे रंगांचं रूपांतर ठरवणारी फाइल, लावता येतं आणि त्याच प्रोफाइलने टिफ किंवा जेपेग सीएमवायकेमध्ये काढता येते. फोटोंना तेवढं पुरतं. प्रोफाइल म्हणून ईसीआय या युरोपीय रंग-संघटनेचं आयएसओ कोटेड व्ही२ ३००% घेतलं. ते फोग्रा ३९ या छपाईच्या मानकावर आधारलेलं आहे, फुकट मिळतं, आणि चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या वर जात नाहीत. आमच्या आर्ट पेपरला त्याहून जास्त शाई झेपतही नाही, मागच्या कागदाला डाग पडतात.

पण अक्षरांचं काय? आरजीबीतला काळा (शून्य-शून्य-शून्य) प्रोफाइलमधून गेला की तो चारही रंगांत फुटतो. काळा दिसतो, पण प्रत्यक्षात तो निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या चार प्लेटांवर असतो. चाचणीसाठी एका हँडबिलाचा मजकूर मुद्दाम गिंपमध्येच ठेवून प्लेटा काढल्या. मशीनमननी पहिले काही ताव बघून भिंग माझ्या हातात दिलं. आठ पॉइंटाच्या "अटी लागू" ला डावीकडे गुलाबी कड, उजवीकडे निळसर. रजिस्टर (चार शायांची एकमेकींवरची जुळणी) केसभर हललं होतं. एवढं तर कुठल्याही मशीनवर, दुपारच्या उन्हात कागद ताणला तरी हलतं. मशीनमन म्हणाले, "माझं रजिस्टर मी लावतो, पण बारीक अक्षर चार प्लेटांत पाठवू नका."

फोटोशॉपमध्ये मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवता येत असे, आणि ऑपरेटर ते सवयीने करत. गिंपमध्ये तो रस्ता नाही, आणि तो शोधत बसण्यातही अर्थ नाही. नियम ठरला: ऑफसेटच्या कामात गिंपमध्ये एकही वाचायचं अक्षर टाकायचं नाही. गिंपमधून फक्त फोटो बाहेर पडेल, मजकूर स्क्रायबसमध्ये चढेल.

स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर. जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली, देवनागरी नीट जुळते. काळा रंग तिथे खरोखर शंभर टक्के के (काळी शाई) असतो, बाकी तीन शून्य. शिवाय रंगाच्या खान्यात ओव्हरप्रिंट निवडता येतं, म्हणजे काळ्या अक्षराखाली रंगीत पार्श्वभूमीत पांढरी खाच पडत नाही. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये चारही प्लेटा वेगवेगळ्या बघता येतात आणि शाईचं एकूण प्रमाणही दिसतं. बाहेर पडते छपाईसाठीची पीडीएफ/एक्स-१ए. आम्ही प्लेटा बाहेरून काढतो, तिथे ती विनातक्रार चालली.

दुसऱ्या चाचणीत भिंगाखाली अक्षर स्वच्छ काळं. मशीनमन काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत.

एक मात्र खरं: पूर्वी एका खिडकीत होणारं काम आता दोन सॉफ्टवेअरमध्ये फिरतं. बाहेरून आलेले लोगो आणि कोरलच्या जुन्या फायली इंकस्केपमध्ये उघडाव्या लागतात, म्हणजे तिसरं. छोट्या कामाला हे जड जातं, हे ताईंचं म्हणणं मला मान्य आहे. पण फोटोशॉपमध्ये अख्खी पत्रक-पुस्तिका लावायची आमची पद्धतही काही शहाणपणाची नव्हती.

१६ जून

शाळा उघडल्या. पासपोर्ट फोटो, ओळखपत्रं. इथे गिंप उणं पडतं: फोटोशॉपसारखी ॲक्शन रेकॉर्ड करायची सोय त्यात नाही. एकदा करून दाखवलं आणि बटण दाबलं की तेच शंभर फोटोंवर, असं होत नाही. स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि प्रेसमध्ये स्क्रिप्ट कोण लिहिणार?

लिहिली मीच, पण गिंपमध्ये नाही. इमेजमॅजिक नावाचं कमांडवर चालणारं जुनं साधन आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. ४ बाय ६ इंची कागद म्हणजे १८०० बाय १२००. आडव्या ओळीत चार, अशा दोन ओळी, आठ फोटो बसून कापायला जागा उरते. फोल्डरमध्ये कापलेला फोटो टाकायचा, डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर दोनदा क्लिक, तयार पान बाहेर. ॲक्शनपेक्षा वेगवान आहे. फक्त ते बसवायला कुणीतरी लागतं, हे मालकांच्या कानावर घातलंय.

१ जुलै

वर्गणी काल संपली. आज कुणी विषयही काढला नाही, कामं जुनीच चालू.

१८ जुलै

काकांची नोंद. त्यांनी सांगितली नाही, मीच लिहितोय.

वर्षश्राद्धाच्या कार्डासाठी एक फोटो आला. जुना कृष्णधवल, पाकिटात घडी करून ठेवलेला. घडीची भेग टोपीच्या कडेवरून निघून कपाळ आणि डाव्या भुवईतून खाली गेलेली. असली कामं काका फोटोशॉपमध्ये क्लोन आणि हीलने करायचे, आणि जिल्ह्यात त्यांच्या हाताला तोड नाही. गिंपवर ते नाइलाजाने बसत होते.

त्यांना वेव्हलेट डीकंपोज दाखवलं. फिल्टर्समध्ये एन्हान्सखाली आहे, मुळातच येतं. फोटोचे वेगवेगळ्या बारकाईचे लेयर पडतात: पहिल्यात कागदाचे कण आणि केस, पुढच्यांत सुरकुत्या आणि कडा, शेवटी उरतो तो नुसता उजेड-अंधार. भेग बारीक लेयरांत धारदार दिसत होती, तळच्या लेयरमध्ये नुसती फिकट पट्टी. काकांनी बारीक लेयरांत तेवढीच पुसली, कपाळाची छाया असलेल्या लेयरला हात लावला नाही. भुवईचे केस उजव्या भुवईवरून न उचलता भेगेच्या दोन्ही काठांवरून जुळवत आणले. "उजवीकडची भुवई डावीकडे लावली की घरचे लोक लगेच ओळखतात, काय चुकलं ते सांगता येत नाही त्यांना, पण ओळखतात," असं त्यांचं म्हणणं.

काम झाल्यावर म्हणाले, "हे तिकडे होतं का रे?" तिकडेही हाताने करता येतं, लोक करतात, पण तयार मेनूत नव्हतं. तेव्हापासून जुने फोटो ते गिंपवर मागून घेतात. पेन टूलवर मात्र अजून नाराज आहेत. पाथ ओढताना हात अडखळतो म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे.

१२ ऑगस्ट

मंडळांचे फ्लेक्स सुरू. गणेश चतुर्थी २७ ला, त्याआधी दहीहंडी. ताईंचं मशीन सकाळी गोठलं.

फ्लेक्स २० बाय १० फूट, ७२ डीपीआय. म्हणजे १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल, जवळपास १५ कोटी. ८ बिटला एका लेयरला सुमारे ६०० एमबी लागतात. कुठल्यातरी व्हिडिओत बघून प्रिसिजन (रंगांची बारकाई) ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट केलेलं, म्हणजे एक लेयर २.४ जीबी. त्यावर कार्यकर्त्यांचे फोटो एकेका लेयरमध्ये, आणि कार्यकर्त्यांना काही तोटा नसतो. ८ जीबी रॅमचं मशीन काय करणार बिचारं.

उपाय: प्रिसिजन ८ बिट. एवढ्या मापाचा फ्लेक्स रस्त्यापलीकडून वाचतात, ३६ डीपीआय पुरतो, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. प्रेफरन्सेसमध्ये टाइल कॅश (गिंपला वापरता येणारी रॅम) वाढवला आणि स्वॅपचं फोल्डर एसएसडीवर नेलं.

फ्लेक्सच्या अक्षरांना किनार लागतेच, नाहीतर मंडळवाले पसंत करत नाहीत. ३.० च्या टेक्स्ट टूलमध्ये भरीव आणि किनारीचं अक्षर थेट मिळतं, वर ड्रॉप शॅडो वेगळी राहते. अध्यक्षांचं नाव संध्याकाळी बदललं तरी किनार आणि सावली नव्या नावाला आपोआप लागली. नावं बदलतातच.

१९ सप्टेंबर

दिवाळी अंकाचं काम. मुखपृष्ठाचे चित्रकार आधीपासूनच क्रिटा या मुक्त स्रोत चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवर काढतात, आम्हाला माहीत नव्हतं. क्रिटा मुळातून सीएमवायकेमध्ये काम करतं. त्यांना आमचं प्रोफाइल पाठवलं, त्यांनी त्यातच रंगवून टिफ दिली. केशरी रंग पडद्यावर होता तसाच तावावर उतरला. फोटोशॉपच्या काळात दरवर्षी केशरीवरून वाद व्हायचा.

छायाचित्रकाराच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फायली डार्कटेबलमध्ये. शिकायला अवघड आहे, मीच करतो.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा आधार आज संपला. तीनपैकी दोन मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, प्रोसेसर जुने. वर्षभरापूर्वी हे झालं असतं तर नवी मशीन घ्यायची वेळ आली असती. आता एकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं: गिंप, स्क्रायबस, इंकस्केप तेच, कळांची फाइल तीच. ताई सकाळी बसल्या आणि कामाला लागल्या. दुसरं जुनं मशीन नेटवरून काढून कोपऱ्यात ठेवलंय, त्यात जुने फॉन्ट, ठोकळा आणि पानं लावायचं जुनं पेजमेकर. महिन्यात एखाद्या वेळी लागतं.

१८ ऑक्टोबर

अंक बाइंडिंगहून आला, गठ्ठे रवाना. मालकांनी वर्गणीच्या वाचलेल्या पैशांतला काही भाग गिंप आणि क्रिटाला देणगी म्हणून द्यायचं मान्य केलं. उरलेल्यातून मॉनिटर कॅलिब्रेट करायचं यंत्र घ्यायचं आहे, ते मी कधीपासून मागतोय.

बाकी राहिलेलं: १२ बाय ३६ इंची अल्बमचे साचे अजून पीएसडीतच आहेत. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, त्याआधी निदान मोजके तरी नव्याने बांधायचे. पासपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये काय आहे ते ताईंना समजावून सांगायचं. काकांसाठी पेन टॅब्लेटची चौकशी.